बुराडीच्या उतारावर

पानिपतचा विषय निघाला की 'मराठ्यांवर संक्रांत कोसळली' हे वाक्य हमखास येते, आणि १४ जानेवारी ही तारीख पाहिली की ते पटतेही. पण पंचांग जरा मागे सरकवून पाहिले तर गफलत लक्षात येते. मकरसंक्रांत साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसाने पुढे जाते. अठराव्या शतकाच्या मध्याला ती १० जानेवारीच्या आसपास येत असे. म्हणजे १७६१ साली भाऊसाहेब अखेरच्या लढाईला बाहेर पडला तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते. संक्रांतीच्या दिवसाची लढाई त्याच्या आदल्या वर्षी झाली, १० जानेवारी १७६० रोजी, दिल्लीच्या उत्तरेला, यमुनेच्या पात्रात, बुराडी घाटावर.

बुराडी म्हटले की मराठी माणसाला एकच प्रसंग आठवतो. दत्ताजी शिंदे गोळी लागून पडला आहे. रोहिला सरदार नजीबखान याचा गुरू कुतुबशहा हत्यार घेऊन त्याच्या उरावर उभा आहे आणि हिणवून विचारतो आहे, की काय पाटील, अजून लढायचे आहे का? त्यावर दत्ताजीने दिलेले उत्तर मी इथे लिहीत नाही. ते पाच हिंदुस्थानी शब्द ज्याला पाठ नाहीत असा माणूस हा लेख उघडायचाच नाही. शाळेच्या भाषणांत, भिंतींवर, गाड्यांच्या मागे ते सगळीकडे आहेत.

मला बोलायचे आहे ते त्या उत्तराच्या थोडे आधीचे. उत्तर भारतातल्या सगळ्या मराठी फौजेची धुरा ज्याच्या खांद्यावर, तो माणूस शत्रूच्या बंदुकांच्या टप्प्यात, अगदी पुढच्या रांगेत काय करत होता? त्याने तिथे जायला नको होते. तो गेला, कारण त्याचा एक सोबती तिथे पडला होता. त्या सोबत्याचे नाव यशवंतराव जगदळे. दत्ताजीचे शब्द आपण जपले; ज्याच्यासाठी तो पुढे गेला ते नाव मात्र बहुतेकांना सांगता येत नाही.

शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे पाटील. कुतुबशहाने 'पाटील' म्हणून डिवचले ते त्यामुळेच. राणोजी शिंद्याने पहिल्या बाजीरावाच्या हाताखाली नाव कमावले, माळव्यात बस्तान बसवले आणि १७४५ साली तो गेला. त्याच्या मागे पाच मुलांची नावे इतिहासात येतात: जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि महादजी. यातला जोतिबा बापाच्या हयातीतच ओर्छ्याकडे दग्याने मारला गेला. जयाप्पाला १७५५ च्या जुलैत मारवाडात, नागोरच्या वेढ्यात, तिथला राजा बिजेसिंग याच्या मारेकऱ्यांनी छावणीत शिरून ठार केले. भाऊ डोळ्यांसमोर गेला म्हणून दत्ताजीने वेढा उठवला नाही. सुतक, शोक सगळे बाजूला ठेवून त्याने नागोर धरून ठेवले आणि पुढल्या वर्षी बिजेसिंगाला तहाला आणले. अजमेर त्या तहात मिळाले.

सरदारी जयाप्पाचा मुलगा जनकोजी याच्याकडे आली. तो जेमतेम मिसरूड फुटलेला पोर. कारभार काका दत्ताजीचा, नाव पुतण्याचे. घराण्याच्या या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती, की काका पुतण्याला सांभाळेल. बुराडीवर जे झाले ते समजायला हे ध्यानात असलेले बरे.

१७५८ च्या एप्रिलात राघोबादादाच्या फौजा लाहोरात शिरल्या. 'अटकेपार झेंडे' हा शब्दप्रयोग त्या स्वारीतला. झेंडे लागले, पण पाठीमागे ठेवायला फौज, पैसा आणि माणूस यांची तरतूद नव्हती. दादा परतला तो डोक्यावर कर्ज घेऊन. हा पसारा निस्तरायला नानासाहेब पेशव्याने दत्ताजीला पाठवले. पंजाबचा बंदोबस्त करा, नजीबखान रोहिल्याला हाताळा, बंगालच्या स्वारीचा मार्ग काढा, काशी-प्रयाग सोडवा आणि या सगळ्यातून कर्जफेडीचा पैसा उभा करा. पुण्यात बसून अशी यादी करणे सोपे असते. एका सरदाराच्या एका मोहिमेत यातले एक काम झाले असते तरी पुष्कळ होते.

बंगालला जायचे तर गंगा ओलांडायला हवी, आणि नावांचा पूल बांधून देण्याचे आश्वासन नजीबखानाने दिले होते. गंगेच्या काठी शुक्रताल येथे दत्ताजी त्या पुलाची वाट पाहत राहिला. पूल काही झाला नाही, पाऊस मात्र सुरू झाला. नजीबने घळींच्या आडोशाने मोर्चे बांधले, पाठीला गंगा ठेवली आणि दत्ताजीला महिनोन्‌महिने तिथे अडकवून ठेवले. तिकडे अफगाणांचा बादशहा अब्दाली याला त्याची पत्रे जातच होती. नजीब हा काय माणूस आहे हे दत्ताजीला ठाऊक नव्हते असे नाही. पण मल्हारराव होळकराने त्याला पाठीशी घातले होते. नजीब संपला तर पेशव्यांना आपली गरज उरणार नाही, असा मल्हाररावाचा हिशेब बखरकार सांगतात. हिशेब मल्हाररावाच्या दृष्टीने चुकीचा नसेलही. त्याची किंमत मात्र शिंद्यांनी भरली.

१७५९ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी अब्दालीची फौज सिंधू ओलांडून आली. लाहोरहून साबाजी शिंद्याला मागे हटावे लागले. नोव्हेंबरच्या अखेरीस दिल्लीत वजीर गाजीउद्दीनने खुद्द बादशहा दुसरा आलमगीर याचा खून करवला, म्हणजे मराठ्यांचा दिल्लीतला आधारही डळमळला. दत्ताजी शुक्रतालचा वेढा उठवून यमुनेच्या पश्चिमेला आला. २४ डिसेंबरला ठाणेसरजवळ तरावडीला त्याच्या आघाडीच्या तुकडीची आणि अफगाणांची पहिली गाठ पडली, आणि मराठ्यांना मार खावा लागला. अब्दालीने मग सरळ दिल्लीचा रस्ता धरला नाही. यमुना ओलांडून तो अंतर्वेदीत उतरला, नजीबला जाऊन मिळाला आणि पूर्वेच्या काठाने खाली सरकत दिल्लीसमोर लोणीला आला. आता मध्ये फक्त नदी होती.

दत्ताजीपुढे दोन वाटा होत्या. बुणगे आणि कबिले पुढे काढून आपणही राजपुतान्याकडे मागे सरायचे, मल्हाररावाला मिळायचे आणि मग दोघांनी मिळून गनिमी काव्याने अब्दालीला हैराण करायचे, ही एक. दुसरी, नदीचे उतार धरून बसायचे. मल्हारराव तिकडे जयपूरच्या बाजूला गुंतलेला होता. निरोपावर निरोप गेले, पण तो वेळेवर येऊन पोचला नाही. मागाहून लिहिणाऱ्याला पहिली वाट शहाणपणाची दिसते आणि बहुधा ती होतीच. पण राजधानी पाठीशी, समोर शत्रू, आणि घराण्याचा लौकिक असा की नागोरला भावाचा खून झाला तरी वेढा उठला नाही. दत्ताजी मागे सरणारा माणूस नव्हता. हा त्याचा मोठेपणा होता आणि सेनापती म्हणून उणीवही.

जानेवारीतली यमुना म्हणजे पावसाळ्यातली यमुना नव्हे. पाणी उतरलेले, पात्राचे दोन-तीन फाटे झालेले, मध्ये वाळूची बेटे, आणि त्या बेटांवर माणूसभर उंचीची झाऊची झुडपे व लव्हाळी. त्यात दिल्लीकडचे धुके. त्या दिवसांत सकाळी हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही. घोडदळाला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडायची नाही. मराठ्यांचे बळ भाल्यात, तलवारीत आणि घोड्याच्या दौडीत. वाळूत घोडा रुततो, झाऊत भाला अडकतो. उलट रोहिले आणि अफगाण पायउतार होऊन, लांब नळीच्या बंदुका घेऊन त्या झुडपांत बसले तर ते कोणाला दिसतही नाहीत. उंटांवरचे जंबुरे होते ते वेगळेच.

संक्रांतीच्या त्या सकाळी रोहिले उतरून मधल्या बेटापर्यंत आले. घाटावर पहाऱ्याला असलेली मराठी तुकडी थोडकी होती. झाऊतून गोळ्या येऊ लागल्या आणि माणसे पडू लागली. नेम कोण धरतो आहे ते दिसेना. छावणीत वर्दी गेली तशी कुमक आली, आणि कुमकेबरोबर खुद्द दत्ताजी. मराठे अंगावर घोडे घालत होते, पण समोर अंगावर घ्यायला शत्रूच दिसत नव्हता, दिसत होता तो फक्त धूर.

या गर्दीत यशवंतराव जगदळे पडला. बखरीतली हकीगत अशी, की ते कळताच दत्ताजी त्याला उचलून आणण्यासाठी पुढे सरसावला आणि तिथेच त्याला गोळी लागली.

आजच्या वाचकाला इथे अडखळायला होते. पडलेल्या एका माणसासाठी सेनापतीने जीव धोक्यात घालावा? त्यातून जगदळे तेव्हा जिवंत होता की संपला होता, याची खात्री करून घ्यायला त्या धुरात सवड तरी कोणाला होती? पण त्या काळच्या रणात माणूस मागे टाकून येणे याचा अर्थ काय होता, तो पाहावा लागतो. शत्रू पडलेल्याचे शीर कापून नेत असे. अफगाणी फौजेत तर शिरांचा बाजारच होता. १७५७ साली मथुरेच्या बाजूला कत्तल चालवली तेव्हा अब्दालीने शिरामागे पाच रुपये लावले होते. धड एकीकडे, शीर भाल्यावर, अग्निसंस्कार नाही, घरी सांगायला काही नाही. आपला माणूस पडला तर त्याला उचलून आणायचे, जमले तर जिवंत, नाही तर देह तरी, हा मराठी फौजेतला न लिहिलेला करार होता. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे शस्त्र घेऊन सरदाराबरोबर हजारो कोस येतो, तो याच भरवशावर. सरदाराने तो करार मोडला तर दुसऱ्या दिवशी फौज राहते कुठे?

तेव्हा दत्ताजी भावनेच्या भरात वाहून गेला, असे मला वाटत नाही. सेनापती म्हणून त्याची चूक झाली ती आधी, उतार धरून बसण्यात, धुक्यात घोडदळ झाऊच्या रानात घालण्यात. जगदळ्यासाठी पुढे जाणे ही चूक नव्हती. ते सरदाराचे काम होते, आणि ते करताना तो गेला.

मग कुतुबशहा, तो प्रश्न, ते उत्तर. ही हकीगत आपल्यापर्यंत बखरीतून आली, आणि बखरकार काही त्या झाऊच्या रानात उभा नव्हता. शब्दन्‌शब्द असेच झाले असेल का? कोण जाणे. ते उत्तर दत्ताजीच्या तोंडी शोभते, एवढे मात्र खरे. नागोरला त्याने जे करून दाखवले तेच ते शब्दांत सांगते. कुतुबशहाने त्याचे शीर कापले. जगदळ्याच्या बाबतीत जे होऊ नये म्हणून दत्ताजी पुढे गेला होता, ते त्याच्याच बाबतीत झाले.

गोष्ट इथेही थांबली नाही. काका पडल्याचे कळल्यावर जनकोजी पुढे झाला आणि त्याच्या दंडात गोळी शिरली. जगदळ्यासाठी दत्ताजी, दत्ताजीसाठी जनकोजी, अशी ती साखळी बनत होती, आणि तशीच चालू राहिली असती तर शिंद्यांची सरदारी त्या वाळूतच संपली असती. ती तुटली, कारण जनकोजीच्या माणसांनी डोके ठिकाणावर ठेवले. जखमी धन्याला त्यांनी घोड्यावर घातले आणि मागे काढले. दत्ताजीचा देह मागे राहतो आहे हे दिसत असून त्यांनी जिवंत पोराला निवडले. या माणसांची नावे कुठल्याही भिंतीवर नाहीत. फौज मोडली, दिल्ली गेली, वजीर सूरजमल जाटाच्या आश्रयाला पळाला. पाठीवर अफगाण घेऊन ही मंडळी नैर्ऋत्येला कोटपुतळीपर्यंत आली, आणि तिथे अखेर मल्हाररावाची भेट झाली. ज्याची वाट दत्ताजी पाहत होता तो असा, उशिरा, भेटला. पुढे मल्हाररावाने गनिमी काव्याने लढून पाहिले, पण मार्चच्या सुरुवातीला सिकंदराबादेजवळ त्यालाही फटका बसला.

दक्षिणेत त्याच सुमारास, ३ फेब्रुवारीला, भाऊसाहेब आणि विश्वासराव यांनी उदगीरला निजामाला नमवले होते. त्या आनंदातच उत्तरेची बातमी आली. पडदूरच्या मुक्कामी मसलत बसली आणि मार्चच्या मध्यात भाऊ उत्तरेकडे निघाला. पानिपतची वाट बुराडीहून निघते, ती अशी.

दिल्ली ऑगस्टमध्ये परत घेतली गेली. १७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी कुंजपुरा लुटला तेव्हा कुतुबशहा जिवंत हाती लागला. त्याचे शीर कापून भाल्यावर मिरवले गेले. बखरी हा प्रसंग समाधानाने सांगतात आणि मला त्यांचे समाधान समजते. तरी हतबल माणसाचे शीर कापणे याला बुराडीवर आपण क्रौर्य म्हटले, कुंजपुऱ्यात सूड म्हटले, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

पानिपतावर जनकोजी होता. बुराडीची जखम घेऊन आलेला हा तरुण १४ जानेवारी १७६१ रोजी पुन्हा जखमी झाला आणि अब्दालीचा सरदार बर्खुरदारखान याच्या माणसांच्या हाती सापडला. त्याला खंडणी घेऊन सोडवण्याची खटपट झाली. अयोध्येचा नवाब सुजाउद्दौला याच्या नोकरीतला काशीराज पंडित त्या बोलण्यात होता. पण कैदी आपल्याकडे आहे हे वरपर्यंत कळेल या भीतीने बर्खुरदारखानाने गुपचूप त्याला मारून पुरून टाकले. तुकोजीही पानिपतावर पडला. राणोजीच्या वंशातला कर्ता पुरुष आता एकच उरला, महादजी.

तोही जवळजवळ गेलाच होता. पळापळीत एका अफगाण स्वाराने त्याचा मैलन्‌मैल पाठलाग केला, गाठले, फरशीच्या घावाने पायाचा गुडघा निकामी केला आणि अंगावरचे लुटून त्याला रस्त्याकडेला टाकून दिले. तो पाठलाग महादजीला आयुष्यभर स्वप्नात दिसत असे म्हणतात. फौज फुटलेली, कोणी कोणाचे राहिलेले नाही, पाठीवर शत्रू. अशा वेळी राणेखान नावाचा एक भिस्ती तिथून चालला होता. भिस्ती म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. त्याने महादजीला ओळखले, पखालीच्या बैलावर घातले आणि घेऊन निघाला. यात तलवार नाही, जयघोष नाही, बाणेदार उत्तर नाही. जिकडे तिकडे मराठ्यांची शिरे शोधत स्वार फिरत असताना एक माणूस बैल हाकत, बैलाच्या पाठीवर लंगडा सरदार घेऊन, दक्षिणेची वाट चालतो आहे. शौर्य म्हणून मला विचाराल तर मी हे बुराडीपेक्षा कमी मानणार नाही.

महादजी तो उपकार विसरला नाही. त्याने राणेखानाला भाऊ मानले, जहागीर दिली, फौजेत चढवत नेले. कागदोपत्री तो 'राणेखानभाई' म्हणूनच येतो. पाणक्याचा सरदार झाला म्हणून त्या काळी नाके मुरडणारे असतीलच, पण महादजीने माणूस पारखून घेतला होता.

१७७२ साली मराठी फौजा पुन्हा रोहिलखंडात उतरल्या. नजीबखान त्याआधीच, १७७० साली, अंथरुणावर मेला होता. तरी शुक्रताल घेतले गेले आणि पत्थरगडही. पण हिशेब तेव्हाही पुरा झाला नव्हता. १७८८ च्या पावसाळ्यात नजीबचा नातू गुलाम कादिर दिल्लीच्या किल्ल्यात शिरला, त्याने बादशहा शहाआलमचे डोळे काढले आणि राजवाडा खणून लुटला. महादजीने फौज रवाना केली. ऑक्टोबरात दिल्ली मोकळी झाली, गुलाम कादिर मेरठच्या गढीत कोंडला गेला, डिसेंबरात रात्री तिथून निसटला आणि थोड्याच अंतरावर पकडला गेला. पुढल्या मार्चमध्ये त्याला देहदंड झाला.

त्या मोहिमेचा सेनापती राणेखान होता.